दोष कोठें आहे?

ज्या शहरानें नळाच्या पाण्यासाठीं आठ-आठ दिवस वाट पाहिली आहे, त्या शहरांतील माणसास ‘पाणी कोठें अडलें?’ हा प्रश्न नवा नाहीं. आमच्या छत्रपति संभाजीनगरांत तो विचारण्याची रीतही फार जुनी आहे. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेल्या खडकीस जें पाणी आणलें, तें उत्तरेकडील डोंगराळ भागांतून, जमिनीखालच्या नहरीनें. नहर डोळ्यांस दिसत नसे. म्हणून तिच्या वाटेवर ठिकठिकाणीं तोंडें बांधून ठेविलेलीं होतीं. एका तोंडाशीं पाणी आहे, पुढच्याशीं नाहीं, तर अडथळा या दोहोंच्या मध्यें, हें समजण्यास मोठें शास्त्र लागत नाहीं.

आज घरोघरीं येणारें इंटरनेटही असेंच डोळ्यांआडच्या वाटेनें येतें. तें थांबलें कीं वाट तपासण्याऐवजीं आपण माणूस शोधूं लागतों. आणि एकत्र कुटुंबांत माणसांस तोटा कोठला! औरंगपुऱ्यांतील आमच्या घरांत गेल्या पावसाळ्यांत हेंच झालें. थोरल्या बंधूंची सून घरीं बसून पुण्याच्या एका कंपनीचें काम करिते. रात्रीं आठच्या सुमारास तिची बैठक सुरू झाली कीं आवाज तुटे, चित्र गोठे. वरिष्ठांनीं तिला त्याविषयीं दोनदां विचारलेंही. त्याच वेळीं धाकट्या बंधूंचा मुलगा वरच्या खोलींत संगणकापुढें बसलेला असे. त्याच्या खेळापायीं सुनेची नोकरी जाणार, असें थोरल्यांनीं जेवतांना सर्वांदेखत म्हटलें. मुलगा ताटावरून उठला. त्याच्या आईनें दोन दिवस कोणाशीं शब्द केला नाहीं. आणि तिसऱ्या दिवशीं ‘आपापली जोडणी वेगळी घ्यावी’ अशी भाषा निघाली. ज्या घरांत चुली वेगळ्या करण्याची गोष्ट कधीं निघाली नव्हती, तेथें ती एका तारेवरून निघावी, याचें आम्हांस फार वाईट वाटलें.

तेव्हां सूनबाईच पुढें झाली. “मामंजी, आठ दिवस थांबा. मी मोजून पाहतें,” एवढेंच ती म्हणाली, आणि तिनें एक वही घातली.

मोजण्याचीं साधनें कोणासही फुकट मिळण्याजोगीं आहेत. १९८३ च्या डिसेंबरांत अमेरिकन लष्कराच्या एका संशोधनशाळेंतील माइक म्यूस यांनीं ‘पिंग’ नांवाचा लहानसा प्रोग्राम लिहिला. पाण्याखालचा पदार्थ शोधण्यासाठीं ध्वनि सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्या आवाजावरून हें नांव. दूरच्या यंत्रास ‘आहेस का?’ असें विचारावयाचें आणि उत्तर किती वेळांत आलें तें पाहावयाचें, एवढेंच त्याचें काम. त्याच दशकाच्या उत्तरार्धांत व्हॅन जेकबसन यांनीं ‘ट्रेसरूट’ लिहिला. इंटरनेटवरील प्रत्येक पत्रावर ‘इतके टप्पे झाल्यावर टाकून द्यावें’ असा आंकडा असतो. प्रत्येक टप्पा त्यांतून एक वजा करितो, आणि शून्य आलें कीं धाडणाऱ्यास तसें कळवितो. हा आंकडा आधीं एक, मग दोन, मग तीन असा ठेवीत गेलें, म्हणजे वाटेवरील एकेक टप्पा आपला पत्ता आपण होऊन सांगतो. नहरीचीं तोंडें एकामागून एक उघडून पाहाण्यासारखेंच हें आहे.

वहींतून दोन गोष्टी निघाल्या. तार लावून घरच्या राउटरपर्यंत विचारणा केली, तर उत्तर एका मिलिसेकंदांत येई. घराबाहेरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत मात्र सकाळीं आठ आणि रात्रीं तीनशेंच्या वर मिलिसेकंद लागत. शंभरांतील पंधरा प्रश्नांस तर उत्तरच नसे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईस जाऊन येण्यासही नुसत्या अंतराकरितां तीन-चार मिलिसेकंद पुरतात. म्हणजे हा वेळ अंतराचा नव्हे, कोठें तरी रांगेंत ताटकळण्याचा. मुलाचा संगणक बंद ठेवूनही आंकडे तसेच राहिले. दुसरी गोष्ट अशी, कीं मातोश्रींच्या मागील खोलींत राउटरपर्यंतचाच प्रवास रखडत असे. तेथें कंपनीचा दोष नव्हता. राउटर लोखंडी कपाटामागें होता आणि मध्यें दोन जाड भिंती होत्या.

येथें वाचकांस थोडी सावधगिरी सुचवितों. वेग दाखविणारीं संकेतस्थळें आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाचें ‘मायस्पीड’ हीं उपयोगीं खरीं. पण चांचणी बहुधा जवळच्या केंद्राशीं होते, आणि वाय-फायवर घेतली तर ती वाय-फायचीही परीक्षा असते. घरांत दुसरें कोणी कांहीं उतरवून घेत असेल, तर उरलेलाच वेग दिसतो. तो मेगाबिटांत असतो. आठांनीं भागल्यावर मेगाबाइट निघतात, म्हणून शंभरांच्या जोडणीवर सेकंदास साडेबारांहून अधिक मागूं नये. ट्रेसरूटमध्यें एखादा टप्पा मुका राहिला आणि पुढचा बोलला, तर मुक्याला दोष देऊं नये. कांहीं यंत्रें पत्रें पुढें नेतात, पण स्वतः उत्तर देत नाहींत. आणि एका मोजणीवरून कोणताच निकाल करूं नये.

कंपनीच्या माणसानें आधीं ‘राउटर बंद करून चालू करा’ हेंच सांगितलें. तारीखवार आंकडे पाहिल्यावर मात्र तो खांबावरील पेटीकडे गेला, आणि दोन दिवसांनीं आमची तार कमी गर्दीच्या जोडावर गेली. रात्रींचे तीनशें बारांवर आले. राउटरही कपाटामागून निघून जिन्याशीं आला.

थोरल्या बंधूंनीं ती वही दोन वेळां वाचली. पुतण्याची क्षमा मागणें त्यांच्या पिढीच्या माणसास जमलें नाहीं, पण त्या रात्रीं त्यांनीं त्यास जेवावयास आपल्या शेजारीं बसविलें आणि म्हटलें, “तो ट्रेसरूट कसा करतात, तें मला दाखव.” वेगळ्या जोडणीची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.