फुंकरीचा फवारा : साताऱ्यापासून मिरजेपर्यंत

मातीच्या कच्च्या भांड्यावर रंगाचा पातळ आणि सारखा थर बसवायचा असेल तर कुंचला पुरत नाही. कुंचल्याच्या रेघा राहतात. भांडे पाणी ओढून घेते, त्यामुळे थर कुठे जाड, कुठे बारीक होतो, आणि भट्टीतून माल बाहेर आला की सगळे उघडे पडते. मोठे कारागीर कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन वापरतात. पण ज्यांच्या एका खोलीतच स्वयंपाक, झोप आणि धंदा आहे त्यांनी कॉम्प्रेसर ठेवायचा कुठे, आणि घ्यायचा कशातून? यावर एक जुना, स्वस्त उपाय आहे. बोटभर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात जोडलेल्या असतात. एक नळी रंगात बुडवायची आणि दुसरीतून तोंडाने फुंकायचे. एवढेच ते हत्यार, पण आज बाजारात ते सहजी मिळत नाही.

आमच्या वस्तीतली एक मुलगी बारावीनंतर मातीकाम शिकली. तिच्या घरात हे काम पूर्वी कोणी केलेले नाही. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील हमाली करतात. दिवाळीच्या पणत्या आणि संक्रांतीची सुगडी तिने विकून दाखवली. आता एका दुकानदाराने पांढऱ्या थरावर गेरूची उतरती छटा असलेल्या दोनशे छोट्या कुंड्या मागितल्या आहेत. अट अशी की आधी नमुना पसंत पडला पाहिजे. ही छटा कुंचल्याने उतरेना. तेव्हा शनिवार-रविवार जोडून आम्ही, आमच्या सौभाग्यवती आणि ती मुलगी असे तिघे निघालो. आम्ही पडलो कारकून. फायली शोधण्यात आमचे आयुष्य गेले, वस्तू शोधण्याची सवय नाही.

सुरुवात साताऱ्यातच केली. राजपथावरच्या एका दुकानदाराने न्हाव्याकडे असते तशी पाणी मारायची बाटली पुढे केली. मुलीने तिथेच रद्दीवर मारून पाहिली. थेंब ज्वारीच्या दाण्याएवढे पडले. दुसऱ्या दुकानात तयार रंगाचे डबे होते, बटण दाबले की फवारा. पण तो तेलकट रंग भट्टीत जळून जातो, मातीच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

एका निवृत्त चित्रकला शिक्षकांचे नाव आम्हाला कोणीतरी सुचवले. गुरुजींनी जुन्या कंपासपेटीतून तो फवारा काढून दाखवला. पूर्वी कोळशाने काढलेले चित्र पुसू नये म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख या नळीने चित्रावर उडवीत. आता त्यासाठीही तयार डबे आले, म्हणून दुकानांनी नळी ठेवणे सोडले. त्यांची नळी गंजून बुजली होती, पण समजावून सांगायला पुरेशी होती.

त्यांनी सांगितले ते असे. आडव्या नळीतून जोराने निघालेली हवा उभ्या नळीच्या तोंडावरून जाते. तिथला दाब कमी होतो, म्हणून खालचा रंग आपोआप वर चढतो आणि हवेच्या झोताने त्याचे बारीक तुषार होतात. डासांसाठी घरोघरी फ्लिटचा पंप असे, त्याचेही तत्त्व हेच. फरक एवढाच की तिथे हाताचा दट्ट्या होता आणि इथे छाती. सगळी मेख नळ्यांच्या टोकांत आहे. आडव्या नळीचे टोक उभ्या नळीच्या कडेला जवळजवळ भिडले पाहिजे आणि तिचे तोंड साधारण अर्धे झाकले गेले पाहिजे. टोक थोडे वर-खाली झाले तर नुसती शीळ वाजते. मुलीने कागदावर नळी ठेवून पेन्सिलीने तिची बाह्यरेषा काढून घेतली.

साताऱ्याहून एस.टी.ने कराड. ओगलेवाडीला उतरण्याचा आग्रह आमचा. कराडचे रेल्वे स्टेशन आहे ते ओगलेवाडीतच. ओगले बंधूंनी १९१६ साली काढलेल्या काच कारखान्यामुळे या वाडीला हे नाव मिळाले. वीज नव्हती त्या काळात इथला प्रभाकर कंदील घरोघर पोचला होता. काचेच्या नळीचा फवाराही करता येतो असे गुरुजी म्हणाले होते, म्हणून कोणी जुना कारागीर भेटतो का ते पाहायचे होते. कारखाना बंद होऊन अनेक वर्षे झाली. स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ भेटले. काच ओढणारे हात आता राहिले नाहीत, असे ते म्हणाले. पण मुलीला त्यांनी एक गोष्ट बजावली, “पोरी, श्वास घ्यायचा तो नळी तोंडातून काढून. नळी ओठात असताना कधी आत ओढू नको.” आम्हाला तेवढ्यासाठी ओगलेवाडीला उतरणे सार्थकी लागले असे वाटले.

या सूचनेचे महत्त्व आमच्या माता-भगिनींनी नीट ध्यानात घ्यावे. गेरू किंवा पांढरी माती पाण्यात कालवून उडवणे वेगळे आणि काचेसारखी चमकणारी झिलई उडवणे वेगळे. झिलईत गारगोटीची पूड असते. तिची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर फुप्फुसे निकामी होतात. खाणीत आणि खडी केंद्रावर राबलेल्या आपल्या माणसांना हा आजार माहीत आहे. काही झिलईत शिसे असते. शेंदूर म्हणजेही शिशाचाच प्रकार. असले काही तोंडाच्या फवाऱ्याने मारू नये, आणि शिशाची झिलई खाण्यापिण्याच्या भांड्याला तर लावूच नये. साधी मातीसुद्धा उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून उडवावी, मुले जवळ नसावीत. खाली सांडलेले वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. झाडू मारला की तीच धूळ परत नाकात.

कराडच्या एका वयस्क कुंभारदादांना आमचा शोध ऐकून हसू आले. “आम्ही गेरूच्या पाण्यात बुडवून काढतो, फुंकतोय कशाला?” त्यांचे खरे आहे. एकच रंग सगळीकडे हवा असेल तर बुडवण्यासारखा उपाय नाही. पण छटा बुडवून येत नाही, हे त्यांनाही पटले. निघताना त्यांनी खानापूरचे नाव सांगितले. त्याविषयी पुढे.

फुंकून रंग बसवणे हे काही आजचे खूळ नाही. चीनमध्ये सम्राट कांगशीच्या काळात (१६६१ ते १७२२) बांबूच्या नळीच्या टोकाला जाळीदार कापड बांधून निळ्या रंगाची पूड भांड्यावर फुंकत. जिंगदेझेन या कुंभारांच्या शहरातून एका फ्रेंच धर्मोपदेशकाने १७१२ आणि १७२२ साली पाठवलेल्या पत्रांत त्याचे वर्णन आहे. तशी भांडी आज मोठमोठ्या संग्रहालयांत काचेआड आहेत. ती पूड किती कामगारांच्या छातीत गेली, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली दिसत नाही.

पेठ नाक्यावरून आष्टामार्गे सांगलीला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. हळदीच्या या गावात काहीही मिळते, असे आम्ही ऐकून होतो. गणपती पेठेजवळच्या एका जुन्या स्टेशनरीवाल्यांनी कपाळाला हात लावला. असल्या नळ्यांचा एक डबा त्यांच्याकडे कितीतरी वर्षे पडून होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेठेत शिरले, तेव्हा तळातल्या मालाबरोबर तोही गेला. नवा माल कोणी मागत नाही, म्हणून ते आणत नाहीत.

शेवटी त्यांनीच सराफ कट्ट्याकडे बोट केले. सोनाराकडे फुंकणी असतेच, बारीक पितळी नळीही असते. एका दुरुस्तीवाल्या कारागिराने आमचा कागद पाहिला आणि दोन नळ्या कापल्या. पितळेच्या पट्टीला घडी घालून तिच्यात त्या काटकोनात घट्ट बसवल्या, म्हणजे टोके सरकवून जुळवता येतील. तोंडात धरायचे टोक घासून गुळगुळीत केले. मुलीने पिशवीतून गेरूच्या पाण्याची बाटली आणि एक कच्ची कुंडी काढली. पहिल्या फुंकरीला शीळ वाजली. कारागिराने टोक केसभर खाली घेतले. दुसऱ्या फुंकरीला थोडे शिंतोडे उडाले. तिने गेरू मलमलच्या फडक्यातून पुन्हा गाळला, दुधाइतका पातळ केला, बाटली गळ्यापर्यंत भरली, कारण रंग जितका वर तितकी फुंकर कमी लागते. मग कुंडी हातभर लांब ठेवून ती सावकाश फुंकू लागली. तांबूस धुके कुंडीच्या काठावर बसले आणि खाली विरत गेले. कारागिराने दुकानाचा दिवा जवळ ओढून पाहिले. आमच्या सौभाग्यवतींनी तिथल्या तिथे तशा आणखी दोन नळ्या करायला सांगितल्या. एक बुजली तर काम अडू नये, हा त्यांचा हिशेब. काम झाल्यावर लगेच स्वच्छ पाण्याने फुंकून नळी धुवायची आणि आतून बारीक तार फिरवायची, हे कारागिराने दोनदा सांगितले.

दुसऱ्या दिवशी मिरज. सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांची गल्ली पाहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फवाऱ्याचा प्रश्न सुटला होता, म्हणून तिथे फार रेंगाळलो नाही. आम्हाला स्टेशनवर चौकशी करायची होती. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. कराडच्या दादांनी सांगितले होते ते हेच. मिरजेहून बेळगावमार्गे लोंढ्याकडे जाणारा रेल्वेमार्ग खानापूरवरूनच जातो. भट्टीचे आणि झिलईचे शिक्षण तिथे कोणत्या अटीवर मिळते हे विचारायचे ठरले. मुलीने खिडकीसमोर उभे राहून गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या, आणि सातारच्या गाडीत बसल्यावर तिने पहिला प्रश्न केला, तो मुलींच्या राहण्याच्या सोयीचा. संस्थेला पत्र लिहिण्याचे काम आमच्याकडे आले आहे.