पिवळे कार्ड

माझ्या डाव्या पायाला वैद्यकीय मंडळाने 56 टक्के दिले. एम. ए. ला एवढे गुण मिळाले असते तर मी आठवडाभर कोणाशी बोललो नसतो. इथे मात्र चाळिसाची पायरी ओलांडली म्हणून हायसे वाटले. चाळिसाच्या आत पांढरे कार्ड, त्यापुढे पिवळे, ऐंशीपासून निळे. पोलिओ झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि अर्ज केला तो पंचेचाळिसाव्या वर्षी. मधली वर्षे कागदाविना काढली, याचा मला छुपा अभिमान होता.

अर्ज करण्याचे निमित्त तसे किरकोळ. शहरातल्या एका कार्यालयाच्या दाराशी चाकाच्या खुर्चीचे चित्र रंगवलेली जागा आहे. तिथे मी माझी जोडचाकांची स्कूटर लावली, तेव्हा रखवालदार म्हणाला, "सर, तुम्ही तर चालता की!" त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, तो चित्राला धरून बोलत होता. 1968 साली सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने हे चिन्ह काढले तेव्हा त्यात नुसती रिकामी खुर्ची होती. तिच्यावर माणसाचे डोके नंतर कार्ल मोंटान यांनी बसवले. खुर्चीत माणूस आला, पण काठी टेकत चालणारा त्या चित्राबाहेरच राहिला.

भाषेचा मास्तर असल्यामुळे मी अर्जापेक्षा अर्जातल्या शब्दांतच अधिक अडकलो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हटले होते, आणि तीही मुळातूनच तशी बनवलेली हवी, केवळ फेरफार केलेली चालणार नाही, अशी व्याख्या होती. 'इनव्हॅलिड'चा एक अर्थ रुग्णाईत, दुसरा अवैध. नंतर चाके जोडलेली माझी स्कूटर पहिल्या अर्थात बसत नव्हती, उरला दुसरा! 2019 च्या दुरुस्तीने तो शब्द गेला, 'अडॅप्टेड व्हेइकल' आले आणि फेरफार केलेल्या गाड्याही व्याख्येत आल्या. 2020 च्या ऑक्टोबरात नोंदणीच्या नमुना 20 मध्ये मालकीचा 'दिव्यांगजन' हा प्रकारही दाखल झाला. कॅलिपरच्या पट्ट्याने घट्टे पडलेल्या पायात दिव्य ते काय, हे मला आजवर उमगलेले नाही. 'अपंग' हा शब्द निदान खोटे बोलत नाही. असो.

इमारतींच्या निकषांत तरतूद चांगली आहे: प्रवेशदारापासून 30 मीटरच्या आत दोन मोटारींची जागा, रुंदी किमान 3.6 मीटर. ती जागा कोणाची, हे मात्र बहुतेक ठिकाणी रखवालदाराची नजर ठरवते. अमेरिकेत आरशाला टांगायचा परवाना असतो, युद्धात जायबंदी झालेल्यांना वेगळी नंबरपट्टीही मिळते. 1965 च्या युद्धात गोळ्या झेलून 1972 साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर महाराष्ट्राचेच. पण जायबंदी सैनिकासाठी निराळी नंबरपट्टी ही कल्पना आपल्याकडे रुजलेली नाही.

टक्क्यांची गोष्ट आईला सांगितली. दिवाळ्याच्या बाजारात तिने उभा जन्म मासळी विकली आहे. ती म्हणाली, "म्हावऱ्याचा वाटा लावतात. पायाचा कंचा वाटा?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मंडळापुढे पाय उघडा करून बसलो होतो तेव्हा मोजपट्टी घेतलेल्या तरुण डॉक्टरांनी फार हळुवारपणे विचारले होते, "दुखतं का?" त्यांच्या नजरेला नजर देणे मला जमले नव्हते. इतकी वर्षे ज्याला मी अभिमान समजत होतो तो हाच संकोच असावा, अशी शंका तेव्हापासून येते.

आमच्या कोळीवाड्यातल्या गल्ल्या मोटारी येण्याआधीच्या. जाळी, थर्माकोलच्या पेट्या, त्यांच्या मधून दुचाक्या. तीनचार पावलांची मोकळी जागा मिळणे मुश्कील. तरीही मी संध्याकाळी आईला घ्यायला जातो तेव्हा तिच्या ओट्यालगत स्कूटरपुरती जागा रिकामी असते. तिथे ती दुपारपासून एक पाटी पालथी घालून ठेवते. शेजारणी त्या पाटीला हात लावत नाहीत. बाहेरगावच्या एका गिऱ्हाइकाने ती एकदा पायाने सरकवली, तेव्हा त्याला जे ऐकावे लागले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

कार्ड आले त्या संध्याकाळी ते तिच्या हातात दिले. तिने ओला हात पदराला पुसला, कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मंग आता पाटी नको ठेवू?"

"ठेव," मी म्हणालो.