सूनबाईचा चहा

वसईच्या ख्रिस्ती घरात अल्तारानंतर जर कशाला मान असेल, तर तो चहाच्या आधणाला, असे आम्ही म्हटले तर वाचकांनी रागावू नये. पहाटेच्या मिस्साहून परतल्यावर चहा, वाडीत शिंपणे झाले की चहा, संध्याकाळी जपमाळ संपली की शेजाऱ्यांसह चहा. लग्नाची बोलणी चहावर होतात आणि मयताच्या घरी रात्र जागवणाऱ्यांच्या हाती कोरा चहाच येतो. अशा घरातील सुनेला गर्भारपणात ‘चहा कमी कर’ असे सांगणे सोपे. पाळणे तिचे तिलाच ठाऊक.

आमच्या सूनबाईवर ही पाळी आली ती दुसऱ्या खेपेस. पहिल्या खेपेस तिसऱ्या महिन्यातच सारे संपले होते. ती चर्चगेटजवळच्या एका कचेरीत नोकरीला आहे. भल्या पहाटे उठायचे, डबे भरायचे, गाडीच्या गर्दीत उभे राहायचे, आणि हे सारे रेटायला दिवसाकाठी सहा कप चहा. गर्भ गेल्यावर समाचाराला आलेल्या बायकांपैकी एकीने तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता म्हटले, “एवढा चहा घ्यायचीस बाई, तोच उष्ण पडला असेल.” बोलणारीच्या मनात काही वाईट नव्हते. ती उठून गेली, तिचे वाक्य मात्र घरात राहिले. त्यानंतर कित्येक दिवस सूनबाई कप हाती घेई, दोन घोट घेई आणि ठेवून देई. आम्ही उभयता ते पाहत होतो. समजूत घालावी तर जखमेची खपली निघेल, न घालावी तर ती एकटी पडेल, अशा कोंडीत ते दिवस गेले.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंना तिने पहिला प्रश्न विचारला तो चहाचाच. बाई शांतपणे बोलल्या. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ टिकत नाहीत, त्यांतील निम्म्यांहून अधिक गुणसूत्रांतील दोषामुळे जातात. आईने काय खाल्ले, काय प्यायले यावर ते अवलंबून नसते. तिच्या बाबतीत काय घडले हे कोणालाही सांगता येणार नाही, आणि कोणी सांगू लागला तर ऐकू नये. ही झाली मागची गोष्ट. पुढच्यासाठी मात्र चहा आवरलेला बरा.

चहातील कॅफिन वारेतून गर्भापर्यंत सहज पोहोचते. आपल्या शरीरातून निम्मे कॅफिन एरवी सुमारे पाच तासांत निघून जाते. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत त्याला पंधरा तासांच्या आसपास लागतात. पोटातल्या बाळाकडे तर ते पचवण्याची सोयच नसते. फार कॅफिन घेणाऱ्या मातांची मुले वजनाने कमी भरण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. म्हणून ब्रिटनमध्ये 2008 साली गर्भवतींसाठीची मर्यादा दिवसाला 300 मिलिग्रॅमवरून 200 वर आणली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली 300 च्या वर जाणाऱ्यांनी ते कमी करावे असा सल्ला दिला. आपल्याकडील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दीडशे मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते असे नमूद केले आहे. आम्ही कागदावर हिशेब मांडला. सहा कपांचे 180 ते 390 होतात. म्हणजे मर्यादेच्या अलीकडेही आणि पलीकडेही. हा आकडा पाहून सूनबाईचा चेहरा उतरला. मग मुलाने तो कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, “हा उद्याचा हिशेब आहे, कालचा नव्हे.” आमच्या मुलाला इतके नेमके बोलताना आम्ही क्वचितच ऐकले आहे.

तिने एका दिवसात चहा सोडला. दुसऱ्या दिवशी डोके असे चढले की उजेड सोसवेना. मेंदूला थकवा कळवणारे एक द्रव्य शरीरात असते. कॅफिन त्याची वाट अडवून बसते. अडवणूक एकदम उठली की सारा थकवा लोटून येतो आणि डोके ठणकते. हा त्रास दोन दिवसांपासून आठवडाभर, कधी त्याहूनही थोडा अधिक टिकतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, हळूहळू कमी करा, हट्ट नको. त्याच सुमारास इंग्लंडला असलेल्या पुतण्याने नाताळच्या भेटीत कॅफिनविरहित चहाचा एक डबा पाठवला.

कॅफिन काढून घेण्याची ही विद्या आधी कॉफीसाठी जन्मली. 1819 साली रुंगे नावाच्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाला कवी गटेने कॉफीचे दाणे दिले आणि त्यातून त्याने कॅफिन वेगळे केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेमेनचा कॉफी व्यापारी लुडविग रोझेलियस याने कॅफिन काढलेली कॉफी बाजारात आणली. वडिलांचा मृत्यू अति कॉफीपायी झाला अशी त्याची समजूत होती, असे सांगतात. हे वाचून आम्ही थबकलो. दुःखाला कारण हवे असते आणि कप सर्वांत जवळ असतो. ब्रेमेनमध्ये काय नि वसईत काय. रोझेलियस त्यासाठी बेंझीन वापरी, जे स्वतःच विषारी म्हणून पुढे टाकून देण्यात आले. आता अन्य द्रावके वापरतात, किंवा कार्बन डायॉक्साइड वायू प्रचंड दाबाखाली पानांतून फिरवून कॅफिन उचलतात. एवढे करूनही कपात दोन ते पाच मिलिग्रॅम उरतेच. तेवढे राहू द्यावे.

चवीबद्दल मात्र आम्हाला खरे सांगितले पाहिजे. पहिल्या दिवशी गरम पाण्यात पुडी बुडवून विलायती रीतीने केलेला तो चहा अगदीच पाणचट लागला. सूनबाई काही बोलली नाही, पण कप रिकामाही झाला नाही. दुसऱ्या दिवशी पुड्या फाडून पत्ती मोकळी केली, परसातल्या बेटातली गवती चहाची चार पाती आणि ठेचलेले आले आधणात टाकले, दूध घालून दोन उकळ्या काढल्या. तेव्हा कुठे घरात चहाचा वास आला. ती म्हणाली, “आई, हा चालेल.” आमच्या मते चहाच्या निम्म्या गुणांचे श्रेय आल्याकडे जाते; पण हे चहाच्या जाणकारांनी ऐकू नये.

घरात दोन आधणे ठेवायची नाहीत असे मुलाने ठरवले. सकाळ-संध्याकाळचा घरचा चहा सर्वांचाच कॅफिनविरहित झाला. डबे संपले की तो नवे मागवी. किंमत नेहमीच्या पत्तीच्या कितीतरी पट, म्हणून आम्ही ती विचारणे सोडून दिले. या प्रसंगी जुन्या करारातील शास्ते या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाची आठवण झाली. मानोहाच्या वांझ पत्नीला देवदूत दर्शन देतो, तुला पुत्र होईल असे सांगतो आणि तिला द्राक्षारस व मद्य वर्ज्य करायला लावतो. मानोहा विनंती करून दूताला पुन्हा बोलावतो आणि विचारतो, मुलाने कसे वागावे? उत्तरात दूत पुन्हा तिचेच पथ्य सांगतो. मानोहाने स्वतः द्राक्षारस सोडला की नाही, हे पवित्र शास्त्र सांगत नाही. आमच्या मुलाने सोडला, चहा.

आमच्या नव्वदी ओलांडलेल्या आईला हे सारे कौतुकाचे वाटले. थोरल्या भावाच्या वेळी ती दिवसांत असतानाही रविवारी कोरड्या तोंडाने दोन मैल चालत मिस्साला जाई. तेव्हा ख्रिस्तप्रसादापूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. 1953 साली पाण्याची मोकळीक मिळाली, 1957 साली चहासारख्या पेयांसाठी उपवास तासावर आला आणि 1964 साली पोप सहावे पॉल यांनी अन्नासाठीही तेवढाच केला. “चर्चने तासभरावर आणलं,” आई म्हणाली, “आणि डॉक्टरांनी नऊ महिन्यांवर नेलं.”

आता थोडे अशा गोष्टीविषयी, जी आमच्या मते कॅफिनहून मोठी आहे. डब्यातून कॅफिन गेले तरी टॅनिन जात नाही. टॅनिन अन्नातील लोहाला धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. रक्तवाढीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, आणि आपल्या कित्येक मुली त्या सकाळच्या चहाबरोबर गिळतात! चहा साधा असो की विलायती, गोळीपासून आणि जेवणापासून तो तासभर तरी दूर हवा. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर लोह अधिक लागते. सूनबाईचे रक्त पाचव्या महिन्यात कमीच भरले होते. वेळा बदलल्या, गोळ्या नेमाने घेतल्या, आणि आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून मान डोलावली. परदेशी डबा ज्यांना परवडत नाही त्यांनी मुळीच खंत करू नये. दिवसाला दोन लहान कप आणि त्यांच्या वेळा, एवढ्यावर काम भागते. नुसत्या गवती चहाच्या पाण्यात तर कॅफिन नसतेच.

मुलगी झाली. वजन तीन किलोला थोडे कमी. बारशाच्या गडबडीत समाचाराची ती बाई पुन्हा आली, बाळाला मांडीवर घेऊन बसली. सूनबाईने तिला स्वतःच्या हाताने चहा करून दिला, नेहमीच्या पत्तीचा, दाट. त्यावर काही बोलणे झाले नाही.

अंगावरच्या दुधातूनही थोडे कॅफिन जाते, म्हणून तिची दोन कपांची मर्यादा अजून चालू आहे. विलायती डब्यातल्या काही पुड्या उरल्या आहेत. रात्रीच्या जपमाळेनंतर त्या आम्ही उभयता संपवतो आहोत. झोप मोडत नाही, आणि मोडलीच तर ती नातीमुळे मोडते.