गोदा घरी एकटी असते तेव्हा

आमची गोदा बत्तीस किलोची आहे. आई लॅब्राडोर, बाप बहुधा जर्मन शेफर्ड. एवढ्या वजनाच्या निरोगी कुत्र्याला दिवसभरात साधारण पाऊण ते सव्वा लिटर लघवी होते. घरात पामेरियन मुतला तर एका जुन्या पंच्यात काम भागतं. गोदा मुतली की ओघळ उतार शोधत निघतो, आणि आमच्या हॉलचा उतार, बिल्डरच्या कृपेने, थेट सोफ्याखाली जातो. शिवाय शी. त्यातूनच ती येरझाऱ्या घालायची, म्हणून संध्याकाळी दार उघडलं की पावलांचे ठसे पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत.

ती सात वर्षांची होईपर्यंत हे काहीही नव्हतं. तोवर घरात सासूबाई असायच्या. त्या नाशिकला थोरल्या दिरांकडे राहायला गेल्या आणि कोथरूडचा आमचा फ्लॅट सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत रिकामा राहू लागला. मोठं कुत्रं सहा-आठ तास धरून ठेवू शकतं, पण नऊ तास म्हणजे त्याच्यावर जुलूमच. तेव्हा पहिला उपाय उघड होता. घरकामाच्या मावशींचा भाचा जवळच्याच कॉलेजात होता. दुपारी एक वाजता येऊन तो गोदाला खाली नेऊ लागला, महिन्याचे पैसे ठरले. फरक शून्य. तो दार उघडायचा तेव्हा सगळं उरकलेलं असायचं. एक वाजता नुसतं वाळलेलं दिसतंय म्हणजे हे सकाळीच कधीतरी झालेलं, आणि सकाळी साडेआठला तर ती खाली जाऊन मोकळी होऊन आलेली असायची.

तोपर्यंत सल्ल्यांना पूर आला होता. नाक घासा, बाल्कनीत बांधा, पाणी तोडा. पुण्याच्या एप्रिलमध्ये कुत्र्याचं पाणी तोडायला सांगणाऱ्या गृहस्थांशी मी वाद घातला नाही, फक्त लिफ्टऐवजी जिना धरला. मावशींचं निदान वेगळं होतं. "ताई, राग काढतीय ती. आजींना कुठं धाडलं म्हणून." पुरावा काय, तर आपण आत आलो की गोदा कान पाडते, नजर चुकवते, म्हणजे तिला कळतंय. हे फार लोकांना पटतं. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ मध्ये याचीच परीक्षा घेतली होती: खाऊ नको म्हणून बजावलेला खाऊ कुत्र्याने खाल्लाय की नाही, याचा त्या 'अपराधी' चेहऱ्याशी संबंधच नव्हता. मालक रागावला की कुत्रं तसं बघायचं, खाल्लेलं असो वा नसो. मावशींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ती कुत्री अमेरिकेची.

मग जुना मोबाइल पुस्तकांच्या फळीवर टेकवून ठेवला, चार्जरसकट. संध्याकाळी नवरा आणि मी ते चित्रीकरण पळवत पाहिलं आणि पळवायची गरजच उरली नाही. दार बंद झालं, लिफ्टचा आवाज आला, आणि गोदा दाराशी नाक लावून उभी. मग धापा, जिभेवरून लाळ, दार ते खिडकी, खिडकी ते दार. बारीक कुंई. मी बसस्टॉपवर पोचलेही नसेन तेवढ्यात ती दाराशीच मुतली, बसून नाही, चालता चालता. थोड्या वेळाने शी. त्यानंतर कितीतरी वेळाने थकून आपल्या गोधडीवर जाऊन पडली.

एवढंच असतं तर हा विषय एकटेपणाच्या भीतीचा, असं म्हणून संपला असता. पण दुपारी, भाचा तिला फिरवून आणून सोडून गेल्यावर, ती गाढ झोपली आणि उठली तेव्हा गोधडीवर गडद डाग होता. ती तो डाग वाकून चाटत होती. झोपेत झालेलं. दाराशी जे व्हायचं ते जागेपणी आणि घाबरून. हे तिला कळलंही नव्हतं. घरात एकच वास येत होता म्हणून आम्ही एकच दुखणं धरून चाललो होतो.

डॉक्टरांना दोन्ही चित्रीकरणं दाखवली. त्यांनी आधी सकाळची पहिली लघवी तपासायला मागितली. मादी कुत्री खाली बसते, ती सुद्धा जमिनीला टेकून, आणि मागून कोणी काही सरकवतंय असं वाटलं की उठून चालू लागते. शेवटी वरणाची लांब दांड्याची पळी कामी आली. सोसायटीच्या बागेत सकाळी सहाला पळी घेऊन कुत्रीमागे वाकलेल्या बाईला वॉचमनने काहीही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. पळी स्वयंपाकघरात परत आली नाही.

जंतुसंसर्ग नव्हता, साखर नव्हती, लघवी नको इतकी पातळही नव्हती. मग डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशन कधी झालं? पिल्लं होऊ नयेत म्हणून लहानपणीच झालं होतं. अंडाशय काढले की इस्ट्रोजेन घटतं आणि काही कुत्र्यांमध्ये पुढे काही वर्षांनी मूत्रमार्गाची झडप सैल पडते, वॉशर झिजलेल्या नळासारखी. जागेपणी ठीक, झोपेत स्नायू सुटले की गळती. मोठ्या जातींच्या माद्यांमध्ये हे जास्त दिसतं. त्यावर रोजची गोळी मिळाली आणि हा भाग आश्चर्य वाटावं इतक्या लवकर आवरला. गोधडीखाली मात्र मेणकापड अजून घालतो. बाळंतविड्याच्या दुकानात मागितलं, दुकानदाराने कौतुकाने विचारलं, मुलगा की मुलगी? मुलगी म्हटलं. दोन मोठे तुकडे जोडून शिवावे लागले.

भीतीचा भाग असा गोळीने मिटत नाही. गोळी असते, फ्लुऑक्सेटीन हे माणसांच्या नैराश्यावरचं औषध कुत्र्यांच्या या त्रासासाठी अमेरिकेत २००७ मध्ये मान्य झालं. पण तिचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि सोबत शिकवणी नसेल तर ती अर्धीच. शिकवणी म्हणजे जाणं हे नाटक करून शिळं करणं. किल्ल्या उचलायच्या आणि टीव्ही बघत बसायचं. चपला घालून कांदा चिरायचा. मग दाराबाहेर क्षणभर, मग लिफ्टपर्यंत, मग वाण्यापर्यंत. ती धापा टाकू लागायच्या आत परत यायचं, नाहीतर शिकवलेलं पुसलं जातं. यातली खरी अडचण कोणी धड सांगत नाही: हे चाललेलं असताना कुत्र्याला खरोखरचं एकटं सोडायचं नसतं, आणि ऑफिस तर रोज असतं. नवऱ्याने घरून काम मागून घेतलं, मी रजा मोडल्या, मधले दिवस गोदा कर्वेनगरला माझ्या भावाकडे राहिली. कोंडून ठेवण्याच्या सल्ल्याला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. घाबरलेलं कुत्रं बंद खोलीचं दार ओरबाडून नखं, दात मोडून घेतं.

साफसफाईचं शास्त्र मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. फिनाइलने वास झाकला जातो, तो आपल्यापुरता. गोदाच्या नाकाला तिची जागा बरोबर सापडते. शिवाय ओल्या फरशीवरून चालून तिने पंजे चाटले की फिनाइल पोटात. अमोनियावाले क्लीनर तर नकोच, लघवीचा वासही तोच. विकरांचं क्लीनर मिळतं, ते महाग असतं आणि धीर मागतं: ओतून बराच वेळ तसंच ओलं ठेवायचं. नोटा तपासायची जांभळी टॉर्च रात्री दिवे घालवून फिरवली तेव्हा फरशीच्या सांध्यांत, सागवानी चौकटीच्या तळाशी, सोफ्याच्या पायांवर फिकट पिवळट डाग चमकले. आम्ही पुसत होतो ती फरशीची मधली जागा.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कमिटीकडे तोंडी तक्रार केली होती. कुत्रं पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत आहे, आणि ते मी काकूंना मुळीच ऐकवलं नाही. वासाला नियम कळत नाही. त्यांना चित्रीकरण दाखवलं. त्या चुकचुकल्या, आणि आता मंगळवारी दुपारी पोथी वाचायला त्या वर आमच्याकडे येऊन बसतात. गोदाला समोर कुणीतरी पुटपुटणारं हवंच होतं.

आज ती सकाळचे तीन-साडेतीन तास एकटी राहते, बहुतेक वेळ झोपून. दिवाळीच्या फटाक्यांत सगळं बिघडतं, तेवढे दिवस एक जण घरी थांबतो. दुपारी भाचा येतोच. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर त्याने दर वाढवून मागितला. म्हणाला, ताई, ही चिखलात लोळते, पुसायला मलाच लागतं. वाढवून दिला, आणि जुने दोन टॉवेलही.