एका ओळीची किंमत



"कॉम्प्युटरला जात कळत नाही, तो सगळ्यांना सारखंच वागवतो," असं आपली शिकलेली पोरंसुद्धा बोलतात. हे अर्धंच खरं आहे. कॉम्प्युटरला जात काय, काहीच कळत नाही. त्याला जे लिहून दिलं तेवढंच तो करतो. मग लिहून कोण देतो, आणि कुठे, हे विचारायला नको का?

पनवेलमध्ये आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात मी मुलांना कॉन्फिगरेशन फाइल शिकवतो ती याच कारणासाठी. सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने दोन भाग धरा. एक मूळ प्रोग्रॅम, म्हणजे काम कसं करायचं याचे नियम. दुसरी कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे भाषा कोणती, माहिती कुठे साठवायची, आत कोणाला घ्यायचं, कोणता पर्याय आधीपासून निवडलेला ठेवायचा याची नोंद. मूळ प्रोग्रॅमला हात न लावता त्याचं वागणं बदलता यावं म्हणून ही सोय केलेली असते. लिनक्समध्ये अशा बऱ्याच फाइली 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुरात असतात. त्यातल्या बहुतेक कोणालाही उघडून वाचता येतात. बदलण्याचा अधिकार मात्र 'रूट' म्हणजे मुख्य चालकाकडे असतो.

काही महिन्यांपूर्वी एका कार्यालयात अर्ज भरताना धर्माच्या रकान्यात 'हिंदू' आधीच निवडलेलं दिसलं. 'बौद्ध' शोधायला यादीत खाली जावं लागत होतं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "सिस्टीममध्येच तसं आहे." सिस्टीम काय आभाळातून पडते? डिफॉल्ट म्हणून तो शब्द कोणीतरी बसून लिहिला होता. पण 'सिस्टीम' म्हटलं की लिहिणारा माणूस नामानिराळा राहतो आणि दोष यंत्राच्या माथी जातो.

आता संविधानाकडे या. अनुसूचित जातींची यादी संविधानाच्या कलमांत नाही. कलम ३४१ एवढंच सांगतं, की राष्ट्रपती अधिसूचनेने ही यादी ठरवतील आणि त्यानंतर तीत कोणाला घालायचं वा काढायचं ते फक्त संसद कायद्याने करेल. म्हणजे नियम एका ठिकाणी, यादी दुसऱ्या ठिकाणी, आणि यादी बदलण्याचा अधिकार कोणाचा हेही ठरलेलं. ही यादी १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात आली. त्याच आदेशात तिसरा परिच्छेद होता : हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख धर्म जोडला गेला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. संविधानातलं एकही कलम बौद्धांच्या विरोधात नव्हतं. तरी या एका परिच्छेदामुळे आपले लोक केंद्राच्या सवलतींबाहेर फेकले गेले. महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं! एक अख्खी पिढी शिकून, नोकरी शोधून थकली, तेवढा काळ. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही त्या परिच्छेदाबाहेर उभे आहेत.

पण फाइल बदलली की काम झालं, असंही नाही. अनेक प्रोग्रॅम सुरू होतानाच आपली फाइल वाचतात. चालू असताना तुम्ही ती बदलली, तरी ते जुन्याच सेटिंगवर चालत राहतात. त्यांना पुन्हा सुरू करावं लागतं. याचं उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद बदलला, गाव जुन्याच सेटिंगवर चालू राहिलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा कागदावरची ओळ पहिल्यांदा अंमलात आली. मग काय झालं? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. फाइल पुन्हा जुनी केली! उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ यावा लागला.

यंत्र आणि समाज यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. यंत्र नवी ओळ वाचल्यावर कुरकुर करत नाही, समाज दगड उचलतो. म्हणूनच नुसतं तांत्रिक शिक्षण पुरत नाही आणि नुसती घोषणाही पुरत नाही. कोणती ओळ आपल्याला बाहेर ठेवते हे शोधायला वाचन लागतं, ती बदलायला अधिकाराची जागा लागते आणि ती लागू करायला संघटन लागतं.

आज शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणी, रेशन, नोकरभरती सगळं पडद्यावर आलं आहे. उद्या कोणी तुम्हाला म्हणालं, "सिस्टीम घेत नाही," तर गप्प घरी येऊ नका. कोणत्या नियमाने घेत नाही ते विचारा, लेखी मागा, गरज पडली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. आणि आपल्यातल्या चार-दोघांनी तरी ती फाइल लिहिणाऱ्या खुर्चीपर्यंत पोचायची जिद्द धरा.

जय भीम!