पारव्याचं पीस

परवा लोह्याला गेलो होतो. (घरच्यांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी: लोहा म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माळेगावची खंडोबाची जत्रा ऐकून असाल, ती याच तालुक्यात भरते.)

सकाळी गच्चीवर गेलो तर पाण्याच्या टाकीजवळ एक पीस पडलेलं. राखाडी, चांगलं लांब. खाली आणून अण्णांना दाखवलं.

"होल्याचं असंल," पेपरातून मान वर न काढता अण्णा म्हणाले.

आता गोष्ट अशी आहे की गेल्या वर्षी छातीच्या डॉक्टरांनी अण्णांना बजावलंय, कबुतरं बंद. पारव्यांची विष्ठा, पिसांवरची भुकटी यांची धूळ सतत श्वासातून जात राहिली तर काहींच्या फुफ्फुसाला सूज येते. तेच वर्षानुवर्षं चाललं तर फुफ्फुस कडक होतं आणि मग ते पहिल्यासारखं होत नाही. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून एवढं रण पेटलं, त्याच्या मुळाशी हेच होतं. अण्णांनी ज्वारीचा डबा आत ठेवून दिला होता. निदान फोनवर तरी तसं सांगितलं होतं.

त्यामुळे पीस कुणाचं, हा प्रश्न काही साधा नव्हता.

पट्टी घेऊन बसलो. साडेसोळा सेंटिमीटर. दांड्याच्या एका बाजूची पाती अरुंद, दुसरीकडची रुंद. म्हणजे शेपटीचं नाही, पंखाच्या टोकाकडचं. पारव्याच्या प्रत्येक पंखाला अशी दहा मोठी पिसं असतात. दांड्याला खालच्या अंगाला बारीक पन्हळ असते, ती खाली ठेवून देठ आपल्याकडे धरला की अरुंद बाजू उजवीकडे आली तर पीस डाव्या पंखाचं. हे डाव्याच पंखाचं होतं. आणि होल्याचं पीस इतकं लांब नसतं, शिवाय त्यात तपकिरी झाक असते. पण माझी खात्री अण्णांना कशी पटणार?

दुसऱ्या दिवशी मुद्दाम पहाटे वर गेलो. टाकीमागे दुसरं पीस सापडलं. आखूड, राखाडी, आणि टोकाकडे काळा पट्टा. पारव्याने पंख मिटले की दोन काळे पट्टे दिसतात बघा, ते अशाच पिसांचे बनतात. होल्याला हे पट्टे नसतातच. दाणा मात्र एकही नव्हता. गच्ची इतकी स्वच्छ झाडलेली, की तीच शंका यावी.

दोन्ही पिसं चहाच्या कपाशेजारी ठेवली. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मूठभरच टाकतो," म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "नाहीतर सकाळी उठून वर कामून जायचं, सांग."

मला पिसाची डावी-उजवी बाजू सांगता येत होती. याचं उत्तर नाही देता आलं. निवृत्तीनंतर त्यांची सकाळ त्या मुठीपासून सुरू होत होती, आणि मी फुफ्फुसाचं बोलत होतो. दोघांचंही खरंच होतं.

हात साबणाने धुतले आणि निघताना ज्वारीचा डबा बॅगेत टाकला. अण्णा काही बोलले नाहीत. त्या ज्वारीच्या भाकरी आम्ही इथे पुण्यात खाल्ल्या. नीट गिळल्या नाहीत, हे खरं.

आता रोज सकाळी साडेसहाला अण्णांचा फोन येतो. विषय काही नसतो. ऊन, लाईट, शेजारच्यांची म्हैस. काल म्हणाले, पारवे अजून येऊन टाकीवर बसतात, मी अंगणातूनच बघतो.

"आणि तो तुझा डाव्या पंखाचा," म्हणाले, "उडतोय नीट. नवं पीस आलं असंल."

पारवे पंखांची पिसं अशीच एकेक करून बदलतात. म्हटलं, "हो अण्णा, आलं असेल."