गारव्याची वाटणी

इस्टेटीच्या वाटण्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. कुठे शेताचा बांध, कुठे आजीच्या पाटल्या, तर कुठे नुसते एक तांब्याचे घंगाळ भावाभावांत भिंत उभी करते. पण घरातल्या गारव्याचीही वाटणी होते, आणि ती कोर्टात न जाता, एक शब्दही न बोलता होते, हे मला माझ्याच घरात उमगले. अभ्यंगाच्या ऊन पाण्याची वाट पाहणाऱ्या वाचकांना मी ऐन दिवाळीत मे महिन्याकडे नेतो आहे, याबद्दल क्षमा असावी. पण नागपूरकराला उन्हाळा कोणत्याही ऋतूत आठवतो!

माझे बालपण कवेलूंच्या घरात गेले. मातीच्या हातभर जाड भिंती आणि सगळ्या घराला मिळून एक पंखा. उन्हाळ्याचा सारा कारभार आईच्या हाती असे. ऊन चढू लागले की ती खिडक्या लावून घेई. दारांना वाळ्याच्या ताट्या बांधलेल्या असत, आणि त्यांवर पाणी मारण्याचे काम आम्हा भावंडांकडे असे. सूर्य कलला की समोरासमोरची दारे सताड उघडत, अंगणात सडा पडे आणि रात्री ओळीने बाजा टाकल्या जात. जो काही गारवा होता तो सगळ्यांचा होता, असे मी परवापरवापर्यंत सांगत असे. चुलीपुढे बसलेली आई त्या 'सगळ्यांत' नव्हती, हे ध्यानात यायला मला साठी उलटावी लागली.

पुढे १९८६ साली त्या जागी सिमेंटचे घर झाले. स्लॅबचा स्वभाव सावकारासारखा. दिवसभर ऊन साठवायचे आणि रात्री, आपण पाठ टेकली की, ते आपल्यावर सोडायचे. मग दिवाणखान्याच्या खिडकीत कूलर आला. कूलर म्हणजे वाळ्याच्या ताटीचाच शिकलेला नातू. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. बर्फाइतके गार पाणी उकळीला आणायला लागते तिच्या जवळजवळ सहापट. ही उष्णता हवेतून घेतली जाते आणि हवा गार होते. आमची हवा मेमध्ये हाडासारखी कोरडी, म्हणून हे साधते; मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर नुसता चिकचिकाट करील. मात्र त्याची एक अट असते. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. "कूलरला वाट ठेव रे," असे म्हणत आई प्रत्येक खोलीची खिडकी वीतभर उघडी ठेवी, आणि दिवाणखान्यातला गारवा तिच्या मागच्या खोलीपर्यंत पोचे.

२०१९ च्या मेमध्ये आमच्या झोपण्याच्या खोलीत एअर कंडिशनर बसला. पहिले आधुनिक वातानुकूलन १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी झाले, कारण दमट हवेत कागद फुगून रंगांची छपाई बिघडत असे. कागदासाठी निघालेली युक्ती माणसांनी उचलली, पण कागदाला शेजारच्या खोलीत आई नसते. "माझी हाडं दुखतात त्या थंडीनं," असे म्हणून ती आपल्याच खोलीत राहिली, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून दार लावून घेतले.

नवतप्यातल्या एका रात्री तीन वाजता मी पाणी प्यायला उठलो. दार उघडताच तोंडावर झळ आली. आईच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज येत होता. ती फरशीवर पडली होती. अंग तव्यासारखे तापलेले. माझ्याकडे पाहून तिने माझ्या वडिलांचे नाव घेतले. ओले पंचे गुंडाळून आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "म्हातारपणी तहान कळत नाही, घामही कमी येतो. आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं."

शुद्धीवर आल्यावर मी तिला रागावूनच विचारले, "खिडकी का लावून घेतलीस?"

"बाहेरून भट्टीसारखी हवा यायची रे. तुमची झोप कशाला मोडायची?"

ती भट्टी आमचीच होती. यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. खोलीतून उपसून बाहेर टाकते. दीड टनाचे यंत्र सुमारे पाच किलोवॉट उष्णता उपसते, आणि स्वतः खाल्लेली दीडेक किलोवॉट वीजही तिच्यातच मिसळते. त्याचा बाहेरचा भाग आम्ही सोयीची जागा म्हणून आईच्या खिडकीखाली बसवला होता. झळ लागते म्हणून तिने खिडकी लावली; खिडकी लागली म्हणून कूलरच्या हवेची वाट बंद झाली. आमच्या गारव्याची किंमत ती भिंतीपलीकडे मुकाट्याने भरत होती.

ती घरी येण्यापूर्वी ते धूड मी मागच्या मोकळ्या भिंतीवर हलवले. गच्चीला चुना दिला. पश्चिमेच्या खिडक्यांना बांबूचे पडदे लावले आणि तेही बाहेरून, कारण काचेतून एकदा आत आलेले ऊन पाहुण्यासारखे लवकर निघत नाही. आता आमचे यंत्र २६ अंशांवर चालते, तेही कधीमधी. एरवी दार उघडे असते.

आई आता नव्वदीला टेकली आहे. पावसाळ्यात गच्चीचा चुना बराच धुपून जातो, तो दर चैत्रात पुन्हा द्यावा लागतो, आणि ती खालून विचारते, "कोपरे सोडले नाहीत ना?" हे लिहीत असताना ती दक्षिणेच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसली आहे. दिवाळीच्या सुमाराला सूर्य खाली उतरतो आणि त्या खिडकीतून ऊन थेट तिच्या पायांपर्यंत येते. मघाशी मी पडदा ओढायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे. आणि तुझी खुर्ची आण इकडे. दोघांना पुरेल एवढं आहे."